जमिनीवरून उठण्याची परीक्षा

माझं काम थोडक्यात सांगायचं तर मी म्हाताऱ्या माणसांना खुर्चीतून उठायला लावते. उठले की परत बसायला लावते. बसले की परत उठायला. हे मी इंदूरच्या आमच्या घरात, माझ्या खोलीचं दार लावून, लॅपटॉपसमोर बसून करते आणि याचा मला पगार मिळतो. चार वर्षं झाली तरी माझ्या आत्याला हे पटलेलं नाही. ती शेजाऱ्यांना सांगते, "हमारी बेटी कम्प्युटर में कसरत करवाती है." शेजारी मान हलवतात आणि माझ्या लग्नाचं विचारतात.

शिक्षणाने मी फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात सगळे म्हणायचे, हात चांगला आहे, पण पोरगी बोलत नाही. ते खरं होतं. दवाखान्यात एका पेशंटबरोबर चार नातेवाईक येतात आणि पाचही जण एकदम बोलतात. माझ्या तोंडून तेव्हा फक्त "हो" निघायचं. व्हिडिओवर तसं नाही. माणूस चौकटीत असतो, एका वेळी एक बोलतो आणि वेळ संपली की एका बटणाने जातो. लाजाळू माणसासाठी याहून चांगली नोकरी अजून निघालेली नाही.

बाहेरच्यांना हे काम म्हणजे टीव्हीवरच्या योगासारखं काहीतरी वाटतं. तसं नाही. वय वाढलं की मांड्यांची ताकद गुपचूप जायला लागते. जाताना ती सांगत नाही. एक दिवस कमोडवरून उठताना माणूस टॉवेलच्या दांडीला धरतो, दांडी भिंतीतून निघून येते, तेव्हा घरात पहिल्यांदा बातमी लागते. "मी रोज बगीच्यात चार चक्कर मारतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की कोणी तोंड उघडलं की चक्कर मला यायला लागते. चालल्याने माणूस चालत राहतो. उठायला ताकद लागते, आणि ताकद वाढवायची तर स्नायूला जड काम द्यावं लागतं, दर आठवड्याला थोडं आणखी जड. साखरेची थैली, पाण्याने भरलेल्या बाटल्या, रबराचा एक पट्टा आणि भिंतीला टेकवलेली खुर्ची, एवढं सामान पुरतं. प्रत्येक फेरीनंतर मी विचारते, दहापैकी किती जड वाटलं? पुरुष घामाने निथळत "तीन" सांगतात. बायका "आठ" सांगतात आणि लगेच गॅस बंद करायला धावत जातात.

नमुने बरेच भेटले. देपालपूरचे सोयाबीनचे एक व्यापारी दुकानात बसूनच क्लास करायचे. गिऱ्हाईक आलं की "दो मिनट रुको भिया" म्हणायचे. गिऱ्हाईक उभं राहून त्यांचे आकडे मोजायचं, आणि दोन कमी पडले तर सांगायचं. महूचे एक रिटायर सुभेदार मला मोजूच द्यायचे नाहीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये मी विश्रांती सांगितली की त्यांना माझा राग यायचा. ते विश्रांती सावधानमध्ये घ्यायचे.

पण एक गोष्ट सगळीकडे सारखी. पैसे मुलं भरतात. हैदराबादहून, पुण्याहून, अमेरिकेतून. म्हणून महिन्याचा रिपोर्ट मुलांना जातो, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगात. ज्याची मांडी, त्याला रिपोर्ट मिळत नाही. ज्याचं कार्ड, त्याला मिळतो. कंपनीचं ऑफिस मी एकदाच पाहिलं आहे. तिथे भिंतीवर एक हसरे आजोबा डंबेल उचलताना लावले आहेत. ते आजोबा फार तर पन्नाशीचे असतील.

मला लिहायचं आहे ते वसंतकाका आणि शैलाकाकूंबद्दल. नावं बदलली आहेत. काकूंना विचारूनच लिहिते आहे. काकांना कळेल का, असं मी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "छाप तू. दिवाळी अंक हे दरवर्षी घेतात. वाचत नाहीत."

काका वीज खात्यात मोठे इंजिनिअर होते. घराणं संस्थानी काळातलं, पणजोबा दरबारात कारकून. काका सांगताना त्यांना दिवाण करायचे. एका सकाळी ते हॉलमध्ये सतरंजीवर पाय घसरून पडले. कुठे मोडलं नाही, पण जमिनीवरून उठता येईना. काकू भाजी घेऊन परत येईपर्यंत, म्हणजे तासभर, ते छताकडे बघत पडून होते. हैदराबादच्या मुलाला, निखिलला, हे कळलं. तो माझ्याशी पहिल्याच कॉलवर स्पष्ट बोलला.

"देखिए डॉक्टर, मी बाबांशी भांडून दमलो. सहा महिने देतो. सहा महिन्यांनी ते माझ्यासमोर जमिनीवर बसून स्वतः उठले, तर राहू देत इंदूरला. नाही उठले, तर घर बंद आणि दोघं माझ्याकडे. त्यांना पण हे मंजूर आहे."

"आईंना?" असं मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही. फॉर्मवर एकच नाव होतं.

काकांनी ही कोर्टाची केस असल्यासारखी घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग गाव विचारलं. महू, म्हटलं. आजोबा काय करायचे? फौजेत होते. "अच्छा, अच्छा," काका म्हणाले, आणि तेव्हापासून माझ्याशी जरा जास्तच आदराने बोलायला लागले. आडनाव कळल्यावरचा हा जास्तीचा आदर मला शाळेपासून ओळखीचा आहे. तो दहापैकी किती जड वाटतो, हे मला कोणी विचारत नाही.

मग ते म्हणाले, "तर बेटा, काय आहे, की अपन काही इंदूर सोडणार नाही. सकाळी पोहे खायला आमचे सहा जण. दोन वर्षांत दोघं गेले, तरी खुर्च्या सहाच मांडतो. तिकडे हैदराबादला मी काय, लिफ्टमध्ये वर-खाली करू? आणि हिला तर तिकडे बिलकुल करमणार नाही."

"हिला" म्हणजे फोन धरणाऱ्या काकूंना. सामानाबरोबर आम्ही तीन पायांचा एक स्टँडही पाठवतो. काकांनी तो प्लास्टिकमधून काढला नाही. स्टँडला अक्कल नसते, असं त्यांचं म्हणणं. ते वाकले की फोन खाली आला पाहिजे, वळले की वळला पाहिजे. म्हणून आठवड्यातून तीन दिवस, सकाळी आठ वाजता, चाळीस मिनिटं काकू फोन धरून उभ्या. मला त्यांचा एक अंगठा दिसायचा आणि कधी बांगडीची कड. मी त्यांच्याशी बोलायचे ते असं: "काकू, थोडं खाली. काकू, पाय दिसू देत. काकू, उजेडाकडे पाठ नको." त्या म्हणायच्या, "बरं."

सव्वाआठला कचरागाडी यायची. गाण्याचा आवाज आला की काकू फोन सोफ्यावर ठेवायच्या आणि मला पंखा दिसायचा. ओल्याचा डबा, सुक्याचा डबा, जिना उतरल्याचा आवाज, जिना चढल्याचा आवाज, की परत अंगठा. मला याचा वैताग यायचा. काकांची लय तुटते, असं मी एकदा बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "गाडीवाल्याला सांगते हं." त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं.

जमिनीवरून उठायची एक रीत असते. आधी कुशीवर वळायचं, हाताने रेटून गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे टाकायचं आणि त्या मांडीवर सगळा जोर देऊन उभं राहायचं. लहानपणी न शिकता येतं, सत्तरीनंतर शिकावं लागतं. पहिले दोन महिने आम्ही जमिनीला हातच लावला नाही, फक्त खुर्ची. काका कंटाळले. "अरे यार, परीक्षा भूगोलाची आहे आणि तू गणित करून राहिली," म्हणाले. मी म्हटलं, सर, मांडीत जोर आल्याशिवाय खाली बसवणार नाही. "सर म्हणतेस तर ऐकतो," काका म्हणाले. मोजण्यावरूनही आमची भांडणं व्हायची. मी इंग्रजी शाळेतली. वीसच्या पुढे मराठी आकडे मला भरवशाचे वाटत नाहीत. मी "ट्वेंटी नाइन" म्हटलं की काका उठता उठता थांबून "एकोणतीस" म्हणायचे आणि मग त्यांची एक उठक फुकट जायची.

तिसऱ्या महिन्यात ते खाली बसले आणि अर्ध्यात अडकले. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे, चेहरा लाल. मी श्वास सोडा, श्वास सोडा म्हणते आहे, तेवढ्यात पडद्यावर पंखा आला. काकूंचा आवाज, "हं, चला." एक हुंकार. मग परत काका दिसले, उभे.

"उठलो," ते म्हणाले.

"काकू, तुम्ही मदत केली," मी म्हटलं.

"जरासा हात दिला."

"हात द्यायचा नाही काकू. असं केलंत तर रिपोर्टमध्ये मला पिवळं लिहावं लागेल."

"बरं," काकू म्हणाल्या. मी पिवळं लिहिलं. पंचाहत्तर किलोचा माणूस एका झटक्यात कोणी वर ओढला, हे लिहायला रकाना नव्हता. मी तो शोधलाही नाही.

पण काकांचं कौतुक केलं पाहिजे. ते माझे सगळ्यात खडूस आणि सगळ्यात प्रामाणिक विद्यार्थी. एकच दिवस सोडला तर त्यांनी क्लास चुकवला नाही. पोह्यांवरची शेव सोडली. इंदूरच्या माणसाने शेव सोडणं म्हणजे काय, हे इंदूरबाहेर सांगून कळायचं नाही. आधी त्यांनी मला विचारून पाहिलं होतं, की शेव बेसनाची, बेसन डाळीचं, म्हणजे ते प्रोटीनच ना. मी नाही म्हटलं. त्यांनी सोडली. पाचव्या महिन्यात खुर्ची धरून उठायला लागले. शेवटच्या महिन्यात न धरता. पोह्यांच्या टोळीसमोर ओट्यावर बसून उठून दाखवलं आणि टोळीने टाळ्या वाजवल्या, हे मला तीन वेळा ऐकवलं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी कॉल लागला तेव्हा पडद्यावर नेहमीचा हॉल होता, पण रिकामा. "हे कटिंगला गेलेत. विसरले," काकूंचा आवाज आला. बोलायला कोणी नसलं की मी लगेच बटण शोधते. पण काकूंनी विचारलं, "तू करतेस का स्वयंपाक?"

"थोडा," मी म्हटलं.

"निखिलकडे बाई येते. दोन्ही वेळा. सकाळी नाश्ता पण तीच करते."

"अच्छा."

त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाल्या, "आणि हे नापास झाले तर?"

मला वाटलं, घाबरल्या आहेत. मी माझा सगळ्यात धीराचा आवाज काढला. "होणार नाहीत काकू. अजिबात काळजी करू नका. तुम्हाला इंदूर सोडावं लागणार नाही."

"हं," काकू म्हणाल्या.

चार वर्षं माणसं बारकाईने बघायचा पगार घेते मी.

परीक्षेच्या दिवशी रविवार होता. एका चौकटीत निखिल, मागे त्याच्या फ्लॅटची काचेची बाल्कनी. एका चौकटीत काका, पांढरी ट्रॅक पॅन्ट, कडक इस्त्री. मधे सतरंजी, तीच. मी मुकाट्याने घड्याळ लावलं. काका खाली बसले, क्षणभर थांबले, कुशीवर वळले, गुडघ्यांवर आले, उजवा पाय पुढे, आणि उठले. भिंतीला हात नाही, खुर्चीला हात नाही. अकरा सेकंद. माझे डोळे भरून आले, हे मी कंपनीला कधी सांगितलेलं नाही.

"वेल डन बाबा," निखिल म्हणाला. तो खरंच खूश झाला होता. थोडा उदासही झाला असेल, ते मला तेवढ्या लहान चौकटीत नीट दिसलं नाही.

"तर मग," काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "विषय संपला. अपन इंदूर."

"जरा थांबा," काकूंचा आवाज आला.

पडदा फिरला. पंखा, पुस्तकांचं कपाट, पंखा. प्लास्टिक फाडल्याचा आवाज. मग चित्र स्थिर झालं, सहा महिन्यांत कधी नव्हतं इतकं स्थिर. स्टँड उघडला होता. आणि चौकटीत काकू आल्या. मी त्यांना पहिल्यांदा पूर्ण बघत होते. ठेंगण्या, चष्मा, सुती साडी, पदर खोचलेला. त्या सतरंजीवर गेल्या आणि मांडी घालून खाली बसल्या. हात न टेकता, सावकाश, पाणी भांड्यात उतरावं तशा.

मग म्हणाल्या, "मला नाही उठता येत."

"आई?" निखिल.

"अगं, उठ. काय नाटक आहे हे," काका.

काकूंनी एक तळवा जमिनीवर ठेवला. खांदा जरासा हलवला. परत जागेवर आल्या. "नाही बाई. जमत नाही."

इथे मला धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. उठता न येणारा माणूस मी रोज बघते. तो प्रयत्न करतो. आधी पाय जवळ घेतो, नाक पुढे काढतो, श्वास धरतो, जबडा आवळतो, मानेच्या शिरा दिसतात, मांडी थरथरते आणि मग हरतो. आणि ज्याच्या मांडीत जोर नसतो तो खाली बसतानाच कळतो. तो बसत नाही, शेवटच्या वितीला सोडून देतो आणि धपकन पडतो. सावकाश उतरायला सगळ्यात जास्त ताकद लागते. काकू नुकत्याच सावकाश उतरल्या होत्या. आता त्यांचे पाय मांडीत आरामात होते. श्वास संथ. जबडा सैल. त्या उठत नव्हत्या, कारण उठायचं त्यांच्या मनात नव्हतं. खूप वेळ उभ्या असलेल्या बाईला शेवटी बसायला मिळाल्यावर असतो, तसा तो चेहरा होता.

आणि तेव्हा मला एकेक करून सगळं आठवलं. चाळीस मिनिटं न थरथरलेला फोन. दोन डब्यांसकट जिना, परतताना धाप नाही. पंखा, हुंकार आणि उभे काका. माझ्या यादीतल्या कोणाहीपेक्षा ताकदवान बाई सहा महिने माझ्या कॅमेऱ्याच्या मागे उभी होती, आणि मी तिला उजेडाकडे पाठ करू नका म्हणून सांगत होते.

"डॉक्टर," निखिल म्हणाला, "आईचं हे कधीपासून?"

माझे सगळे लोक बोलताना पडद्याकडे बघतात. त्यामुळे ते कधीच माझ्या डोळ्यांत बघत नाहीत, जरा खाली बघतात. काकूंना सहा महिन्यांत भिंग नेमकं कुठे आहे ते पाठ झालं होतं. त्यांनी थेट भिंगात बघितलं. माझ्याकडे.

मी फार कमी वेळा पटकन बोलते. त्या दिवशीही नाही बोलले. निखिलला वाटलं, नेट गेलं. "डॉक्टर, आर यू देअर?"

"हो," मी म्हटलं. "ताकद कमी दिसते आहे. त्यांना एकटं ठेवणं मला योग्य वाटत नाही."

"अरे, मी आहे ना," काका म्हणाले. "मी उचलीन. आत्ता पास झालोय मी." ते वाकले, काकूंच्या दोन्ही काखांत हात घातले आणि जोर लावला. काकू हलल्या नाहीत. माणूस मनात आणलं की किती जड होतो, हे लहान मूल कडेवर घेतलेल्या कोणालाही माहीत आहे.

"बाबा, सोडा, कंबर जाईल," निखिल ओरडला. काकांनी सोडलं. ते सरळ उभे राहिले आणि पहिल्यांदा मला म्हातारे दिसले.

त्या महिन्याच्या रिपोर्टमध्ये काकांच्या सगळ्या ओळी हिरव्या होत्या. खाली शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, पत्नी जमिनीवरून उठू शकत नाहीत. चार वर्षांत मी लिहिलेलं ते पहिलं खोटं. महिन्याभरात घराला कुलूप लागलं.

निखिल चांगला मुलगा आहे. हैदराबादला पोचल्यावर त्याने पहिली गोष्ट ही केली, की आईचं नाव माझ्याकडे घातलं. आईला उठता येत नाही म्हटल्यावर मुलगा दुसरं काय करणार? पहिल्या क्लासला काका खाली सोसायटीच्या बागेत गेले होते, मुद्दाम धाडले होते बहुतेक. काकूंनी फोन स्टँडवर लावला आणि म्हणाल्या, "बघून घे एकदा. तुला काळजी वाटत असेल." त्या खाली बसल्या आणि उठल्या. सहा सेकंद.

"काकांपेक्षा पाच कमी," मी म्हटलं.

"हे कुठे लिहू नकोस."

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. "काकू, तुम्ही सरळ सांगितलं का नाही? की मला जायचं आहे?"

"सांगितलं ना. तीनदा. ते म्हणाले, तुला करमणार नाही." त्यांनी चष्मा पदराने पुसला. "आणि तू पण म्हणालीस, काळजी करू नका. सत्तेचाळीस वर्षं झाली अगं. सकाळी हे बाहेरून पोहे खाऊन येणार, तरी घरी येऊन दुसरा नाश्ता. वर टोळीतले दोघं चहाला. मी काही आजारी नाही, दुःखी पण नाही. मला फक्त सकाळी उठून कोणीतरी केलेला चहा प्यायचा होता. यासाठी पडावं लागतं म्हणे. पडले तर हाडं मोडतील. म्हणून बसले."



मग त्यांनी अटी सांगितल्या. "सुधारणा दाखव, नाहीतर तुझी नोकरी जाईल. पण एकदम बरी नको करूस. या महिन्यात आधाराने उठते म्हण. पुढच्या महिन्यात पण आधारानेच. थंडीत गुडघे धरतात, तेव्हा जरा मागे ने." आता आम्ही महिन्याच्या शेवटी दोघी मिळून रिपोर्ट ठरवतो. काकूंना पिवळ्या रंगाची खरी समज आली आहे. लाल केलं तर डॉक्टरकडे नेतील, हिरवं केलं तर इंदूरला. वजनं मात्र मी त्यांना खरी देते, काकांना दिली त्याच्या दीडपट. ती त्या मुकाट्याने उचलतात आणि दहापैकी "आठ" सांगतात.

माझी यात एकच अडचण आहे, ती म्हणजे काका. त्यांची बाजू कोणी घेतली नाही, मीही नाही. त्यांनी शेव सोडली, सहा महिने उठबशा काढल्या, समोर बसवून घेतलेली परीक्षा एकट्याने पास केली आणि तरी हरले. आता ते सकाळी लिफ्टने खाली जातात, बागेत बसतात आणि इंदूरच्या टोळीला फोन लावतात. तिकडे खुर्च्या अजून सहा मांडतात का, ते विचारायची माझी हिंमत होत नाही.

आणि रोज संध्याकाळी ते काकूंचा सराव घेतात. मी शिकवलेलं सगळं त्यांना पाठ आहे. कुशीवर वळ, श्वास सोड, पाऊल पुढे. मोजतात ते, अर्थात मराठीत. पाण्याचा ग्लास आणून देतात. काकू मला म्हणाल्या, लग्न झाल्यापासून ह्यांनी मला पाणी दिलेलं हे पहिलंच वर्ष. हे सांगताना त्यांचा आवाज थोडा खाली गेला होता. पण रिपोर्टचा रंग बदलायला त्यांनी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात क्लास चालू असताना काकू सतरंजीवर बसल्या होत्या आणि काका चौकटीत आले. वाकून, अगदी फोनजवळ आले, त्यामुळे मला त्यांचं कपाळ आणि भुवया तेवढ्या दिसत होत्या.

"बेटा, खरं सांग," ते हळू आवाजात म्हणाले. "मेहनत मी घेऊन राहिलो आहे. रोज. एक दिवस सोडला नाही. हिला स्वतःहून उठायला अजून किती महिने लागतील?"

त्यांच्या मागे काकू बसल्या होत्या, पाठ ताठ, हात मांडीवर. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"काका," मी म्हटलं, "या वयात नक्की सांगता येत नाही."

काकांनी मान हलवली. "चालेल," म्हणाले, "आपल्याला घाई नाही," आणि बाजूला होऊन मोजायला लागले.